नखाएवढ्या जागेवर पंचवीस लाख लिटर

११ एप्रिल २०१६ रोजी मिरज जंक्शनातून दहा वाघिणींची एक गाडी दुष्काळानं तहानलेल्या लातूरकडे निघाली. वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. सुमारे ३४० किलोमीटरचं अंतर कापून ती दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. पुढं ‘जलदूत’ नावाची ही गाडी पन्नास वाघिणींची झाली आणि एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागलं. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या राजकारणावर भरपूर लिहून झालं. गाडी धावली कशी, याकडं मात्र फार कुणी पाहिलं नाही.

आधी वजन पाहू. पंचवीस लाख लिटर पाणी म्हणजे अडीच हजार टन. रिकामी वाघीण साधारण २७ टनांची, म्हणजे पन्नासांचे साडेतेराशे. त्यात इंजिनाचे १२० मिळवले की आकडा चार हजार टनांच्या घरात जातो. हेच पाणी रस्त्यानं न्यायचं तर दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर लागले असते.

एवढं वजन सपाटीवर चालतं ठेवायला ओढ किती लागते? टनाला जेमतेम दीड ते दोन किलो. सगळी गाडी धरून सहा ते आठ टन. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकतं ते अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, आणि तिथं दोन्ही पोलादं इतकी थोडी दबतात की चाक फिरताना फारशी ऊर्जा वाया जात नाही. रबरी टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, फुगतो, तापतो. त्यामुळं ट्रकला टनामागं सहा ते दहा किलो ओढ लागते. ताशी ६० किलोमीटरनं धावणाऱ्या जलदूतचं इंजिन सपाट रुळावर बंद केलं, ब्रेक लावलाच नाही आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर गाडी सात ते नऊ किलोमीटर घरंगळत जाईल. ट्रक दीड-दोन किलोमीटरांत थांबेल.

यात गंमत अशी, की गाडी भरलेली असो वा रिकामी, या हिशेबात अंतर तेवढंच येतं. वजन दुप्पट झालं की चाकाखालचा विरोध दुप्पट होतो, पण गाडी थांबवणंही दुप्पट जड होतं. वरून सोडलेले लहानमोठे दगड हवेचा अडथळा नसेल तर बरोबरीनं पडतात, त्यामागंही हेच गणित आहे.

सपाटीवर घर्षण असं नावापुरतं उरलं, की चढावर गुरुत्वाकर्षणाचंच राज्य. मिरजेहून निघालेला रूळ पंढरपूरजवळ भीमेच्या खोऱ्यात उतरतो आणि बार्शीनंतर धाराशिवच्या बाजूला बालाघाटचं पठार चढतो. दीडशे मीटरांत एक मीटर चढ डोळ्यांना दिसतही नाही. चार हजार टनांची गाडी मात्र तिथं २७ टनांच्या ओढीनं मागं खेचली जाते, म्हणजे चाकांच्या विरोधाच्या तिप्पट-चौपट. शंभरात एक चढ असेल तर हाच आकडा ४० टन. बोर घाटात चढ सदतीसाला एक आहे. कर्जतला गाड्यांना जादा इंजिनं का जोडतात, ते यावरून कळावं.

मग इंजिनाची ताकद वाढवली की झालं? नाही. ‘घर्षण गतीला विरोध करतं’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य इथं अपुरं पडतं. इंजिनाचं चाक रुळाला मागं ढकलतं, रूळ चाकाला पुढं ढकलतो, आणि हे ढकलणं घर्षणाचंच काम. कोरड्या रुळावर हे घर्षण इंजिनाच्या वजनाच्या फार तर तीस टक्क्यांपर्यंत भरवशाचं. १२० टनांच्या इंजिनाला म्हणजे ३६ टन. त्यापलीकडं कितीही अश्वशक्ती लावा, चाक जागच्या जागी गरगरेल. दीडशेला एक चढावर ३३ ते ३५ टन लागतात, म्हणजे एकटं इंजिन कसंबसं निभावेल. शंभरात एकवर ते हरलंच. रूळ ओला किंवा तेलकट असला तर मर्यादा आणखी खाली येते. म्हणून इंजिनावर रेतीच्या पेट्या असतात आणि चाकं घसरू लागली की लोको पायलट रुळावर रेती सोडतो. हजारो अश्वशक्तीचं यंत्र शेवटी मूठभर रेतीच्या आधारानं चढ चढतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

याच वाटेवर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज होती. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. कुर्डुवाडी-बार्शी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला, लातूर १९११ मध्ये जोडलं गेलं आणि मिरज १९२७ मध्ये. हलके, स्वस्त रूळ टिकावेत म्हणून कॅलथ्रॉपनं एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ दिला नाही. जलदूतच्या भरलेल्या वाघिणीत एका आसावर एकोणीस टन येत होते. ब्रॉडगेज झालं नसतं तर मिरजेचं पाणी या वाटेनं इतक्या मोठ्या खेपांनी गेलं नसतं.

या वाघिणी मूळच्या तेलाच्या. कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन आलेल्या. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळं आसावरचा भार सांभाळायचा तर टाकी काठोकाठ भरता येत नाही. वर मोकळी जागा राहते आणि पाणी हिंदकळतं. ब्रेक लागला की वाघीण मंदावते, आतलं पाणी मात्र आपल्याच वेगानं पुढं जाऊन टाकीच्या भिंतीवर आपटतं. म्हणून अशी गाडी हळूहळू थांबवावी लागते.

लातूरला टाक्या रिकाम्या व्हायच्या तेव्हा गुरुत्वाकर्षण कामाला यायचं. पाणी आधी जोरात पडतं, मग धार मंदावते. टाकीतली पातळी चौथाईवर आली की धारेचा वेग निम्मा होतो.

परतीच्या गाडीला वेगळाच धोका असतो. रिकामी वाघीण रुळाला कमी दाबते, म्हणून चाक आणि रूळ यांच्यातली पकडही कमी. भरलेल्या वाघिणीला लागतो तेवढाच ब्रेक तिला लावला, तर चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं. मालगाडीच्या वाघिणीला त्यासाठी एक दांडा असतो. वाघीण रिकामी की भरलेली, त्यानुसार तो फिरवून ब्रेकचा जोर बदलतात. तो फिरवायचा राहिला, तर घसरलेलं चाक एका बाजूनं झिजून सपाट होतं आणि मग दुरुस्त होईपर्यंत दर फेऱ्याला रुळावर आदळत राहतं.