तपासणाऱ्याला कोण तपासणार?

जामनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याने युरिया आणि फवारणी सोडून तूर पिकवली, तरी ती जर्मनीत ‘सेंद्रिय’ म्हणून विकली जाईल की नाही, हे त्याच्या वावरात ठरत नाही. प्रयोगशाळेला कीटकनाशकाचा अंश सापडतो, पण दाणा पाहून शेताचा सगळा इतिहास कळत नाही. म्हणून भिस्त असते ती शेतकऱ्याच्या नोंदवहीवर, निरीक्षकाच्या भेटीवर आणि त्या निरीक्षकावर नजर ठेवणाऱ्या सरकारवर. एखादा देश आपलं प्रमाणपत्र मान्य करतो, तेव्हा तो मुख्यतः या शेवटच्या कडीवर विश्वास टाकतो, आणि आपण कमी पडलो ते तिथेच.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 साली सुरू झाला. केंद्र सरकारची शेतमाल निर्यातीची संस्था ‘अपेडा’ तो राबवते. 2006 मध्ये युरोपीय संघाने तो आपल्या नियमांशी समतुल्य मानला. नियम हुबेहूब असण्याची अट नव्हती, हेतू आणि परिणाम सारखे असले की पुरे. त्याच वर्षी अमेरिकेनेही भारताच्या देखरेखीला मान्यता दिली. जानेवारी 2021 मध्ये मात्र ही व्यवस्था विश्वासार्हता टिकवायला अपुरी आहे असं सांगून अमेरिकेने मान्यता काढून घेतली आणि निर्यातदारांना तिथल्या अधिकृत संस्थांकडून थेट प्रमाणपत्र घ्यायला दीड वर्षाची मुदत दिली. युरोपातही भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड हे निर्जंतुकीकरणाचं रसायन सापडल्यावर काही प्रमाणन संस्थांची मान्यता गेली.

हा श्रीमंत देशांचा बाजार राखण्याचा डाव आहे, असं म्हणणारे पूर्ण चुकत नाहीत. युरोपचा 2018 चा कायदा परदेशी संस्थांकडून समतुल्य नव्हे, तर तंतोतंत त्यांचेच नियम मागतो आणि दोन-तीन एकरवाल्यांच्या गटांना त्याचा जाच होतो. पण सेंद्रिय मालात इथिलीन ऑक्साइड आपल्या नियमांतही बसत नाही. तिथे दोष परक्या अटींचा नव्हता. तैवानशी 8 जुलै 2024 पासून परस्पर मान्यतेचा करार लागू झाला आहे. दुजाभाव हेच एकमेव कारण असतं, तर तो झाला नसता.

निर्यात नको, शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासण्याची ‘पीजीएस’ पद्धत बरी, असाही एक सल्ला दिला जातो. देशातल्या विक्रीला ती स्वस्त आणि चांगली आहे, पण परदेशी खरेदीदार ती ग्राह्य धरत नाही. खरी गाठ पैशाची आहे: ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच संस्था फी घेते. लहान शेतकरी गटाने प्रमाणपत्र घेतात, एका गटात 25 ते 500 जण. गटाचा कारभार बहुतेकदा निर्यातदाराच्या हाती असतो, त्यामुळे लबाडी एकाची झाली तरी फटका सगळ्यांना बसतो. 2025 च्या सुधारित नियमांनी गटाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिलं, हे फार महत्त्वाचं आहे. आता अपेडाने अचानक तपासण्या वाढवाव्यात आणि दोषी संस्थांची नावं मराठीत, गावापर्यंत पोहोचतील अशी जाहीर करावीत.