आईच्या रेघा

आमच्या नृसिंहवाडीत शेजारती झाली की पेढ्यांची दुकाने बंद होतात आणि काकड आरतीला गाव पुन्हा जागे होते. मधल्या वेळात कोण कसे झोपते याची चौकशी कुणी करीत नाही. आमच्या घरावर मात्र ती वेळ आली.

१९९४ सालची गोष्ट. थोरल्या भावाची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. झोप लागून थोडा वेळ झाला की ती एकदम उठून बसे, डावा हात ताठ वर जाई, मान वळे आणि पाय सायकल मारल्यासारखे चालू लागत. अर्ध्या मिनिटात सारे थांबे आणि ती पुन्हा गाढ झोपी जाई. एका रात्रीत असे चार-पाच वेळा. सकाळी विचारले तर म्हणे, "काही नाही हो काका, दचकले असेन."

वाडीला बाधा झालेली माणसे सेवेला येतात. त्यांना घुमताना पाहतच आम्ही वाढलो. तेव्हा शेजाऱ्यांचे निदान तयारच होते आणि भावाने मुलीची सेवाही सुरू केली. मग एका डॉक्टरांनी दिवसा ईईजी काढला, तो स्वच्छ आला. "फेफरे नाही. झोपेतली हालचाल आहे, थोडा मनाचा भाग," असे ते म्हणाले. भाऊ सुटल्यासारखा हसला.

तो का हसला हे सांगायला हवे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीपासून अशी अट होती, की वधूवरांपैकी कुणाला वारंवार फेफरे येत असेल तर ते लग्न रद्द करून मागता येई. ही अट १९९९ साली निघाली. बाधा उतरते असे लोक मानतात; फेफऱ्याचा शिक्का उतरतो असे तेव्हा कुणी मानीत नव्हते. घरात मुलगी असलेल्या माणसाला यातले कोणते निदान आवडेल, हे वेगळे सांगायला नको.

आईला दोन्ही निदाने पटली नव्हती. ती नातीच्या शेजारी जपाची माळ घेऊन पडे. झटका सुरू झाला की मणी ओढायला लागे, आणि संपला की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रेघ मारून शेजारी मण्यांचा आकडा लिही. दीड महिन्याच्या त्या नोंदी मी बँकेतल्या सवयीने तपासल्या. कधी दहा मणी, कधी बारा. वीस कधीच नाही. आणि दर वेळी आधी डावाच हात.

कॅलेंडरची पाने घेऊन मी मुलीला मिरजेला एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी ईईजी बाजूला ठेवून आधी ती पाने वाचली. मुले झोपेत घाबरून ओरडतात ते बहुधा रात्रीच्या पहिल्या प्रहरात, सहसा एकदाच. ते काही मिनिटे चालते आणि दर वेळी निराळे असते. इथे झटका आखूड, रात्रीतून अनेकदा आणि एकाच साच्यातला. म्हणजे फेफरेच, मेंदूच्या पुढल्या भागातले. त्याचा उगम आतल्या घड्यांत असला तर डोक्यावर लावलेल्या तारांना पत्ता लागत नाही. रात्री कार्बामॅझेपीनची गोळी सुरू झाली आणि वर्षभरात चौकटी कोऱ्या राहू लागल्या.

ही चूक आमच्याच वाट्याला आली असे नाही. १९८१ साली इटलीतल्या बोलोन्यात लुगारेसी आणि चिरिन्योत्ता यांनी असेच झटके नोंदवले, तेव्हा तो झोपेतल्या हालचालींचा विकार असावा असे वाटले होते. पुढे तो अपस्मार ठरला. उलट १९५३ मध्ये लंडनच्या सिमंड्स यांनी झोपेत पाय झटकणाऱ्यांचा आजार अपस्माराच्या कुळातला मानला, आणि नंतरच्या तपासण्यांत तो तसा नाही असे दिसले.

पुतणीच्या लग्नाच्या वेळी आईने हट्ट धरला की मुलाकडच्यांना सारे आधी सांगायचे. भाऊ आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. एक स्थळ गेले. दुसऱ्याने विचारले, "गोळी किती वाजता घेते?" तिथे लग्न झाले.

निवृत्तीनंतर पाळी माझी आली. पहाटे, काकड आरतीच्या सुमारास, मी स्वप्नात कॅशच्या खिडकीशी चोराला धरतो आणि लाथा झाडतो. एकदा हिच्या गालावर ठोसा बसला. "तुमच्या घराण्यातलंच आहे हे," ही म्हणाली, आणि मलाही ते पटले.

पुण्यात रात्रभर तारा लावून माझी झोप तपासली. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडायला हवेत, माझे पडत नाहीत. १९८६ साली मिनियापोलिसच्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी वर्णन केलेला हा विकार. फेफरे नव्हे. मी भावासारखाच हसलो. पण डॉक्टर थांबले नव्हते. यातल्या पुष्कळांना काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. वास कमी होणे, अक्षर बारीक होत जाणे, यांवर लक्ष ठेवा म्हणाले. तेव्हापासून मी बासुंदी आधी हुंगतो आणि जुन्या कादंबरीचे हस्तलिखित काढून आजच्या अक्षराशी ताडून बघतो. अजून तरी फरक नाही.

झोपताना मेलाटोनिन घेतो. हिने पलंगाजवळचे स्टूल हलवले आहे आणि स्वतःची गादी पलीकडे घातली आहे. कॅलेंडरवर हीसुद्धा रेघा मारते. पण हिची नोंद आईइतकी नेटकी नाही. माझ्या लाथा आणि दुधाचा हिशेब एकाच चौकटीत असतो.