डिस्लेक्सिया : वाचन मंद असेल, तर अभ्यास कसा करावा?

डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला पुष्कळदा उत्तर ठाऊक असते. मात्र प्रश्नपत्रिका वाचून होईपर्यंत त्याचा निम्मा वेळ खर्ची पडलेला असतो. ही मंदगती आळसातून येत नाही किंवा बुद्धिमत्तेच्या कमतरतेतूनही येत नाही. शब्दांतील ध्वनी सुटे ओळखणे आणि ते अक्षरांशी चटकन जोडणे या मुलांना कठीण जाते. त्यामुळे त्यांना वेळेचे नियोजन इतरांहून निराळे करावे लागते.

निदान कोणत्या भाषेत?

या अक्षमतेच्या निदानात बंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. ४ जानेवारी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत तिच्या निदानासाठी बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने तयार केलेला चाचणीसंच नमूद करण्यात आला.

बंगळुरूतील मराठी घरांमधील मुलांपुढे आणखी एक अडचण असते. त्यांना देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या हाताळाव्या लागतात. इंग्रजीत अक्षरे २६ आहेत. कन्नड किंवा देवनागरीत मुळाक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृती होतात. कन्नड शाळांतील मुलांविषयी सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अक्षरांवर प्रभुत्व येण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत आणि त्यानंतरही चालू राहते. त्यामुळे पहिली-दुसरीतील प्रत्येक मंद वाचकाला डिस्लेक्सिया असतोच असे नाही. तसेच केवळ इंग्रजीतून तपासणी केल्यास भाषेचा अपरिचय आणि अक्षमता यांत गल्लत होऊ शकते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये सादर केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच मराठी आणि कन्नड भाषांतही आहे.

वेग कशाने वाढतो?

एकच छोटा उतारा मोठ्याने तीन-चार वेळा वाचणे आणि चूक होताच जवळच्या मोठ्या व्यक्तीने ती शांतपणे दुरुस्त करणे, ही साधी रीत उपयुक्त ठरली आहे. इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात अक्षरांमधील अंतर वाढवल्यावर वाचन सुधारल्याचे आढळले. रंगीत काचांचे चष्मे किंवा खास अक्षरवळण यांच्या परिणामकारकतेला मात्र भक्कम पुरावा मिळालेला नाही. शीघ्रवाचनाच्या वर्गांचाही या मुलांना फारसा लाभ होत नाही, कारण त्यांची अडचण शब्द ओळखण्याच्या पायरीवरच असते.

अभ्यासाची आखणी

वेग सावकाश वाढतो. अभ्यासक्रम थांबत नाही. म्हणून वाचनाचा भार कमी करणे आवश्यक आहे. धड्याखालील प्रश्न आधी वाचावेत, म्हणजे धड्यात काय शोधायचे ते कळते. पाठ कोणी वाचून दाखवावा किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात ऐकावा आणि त्याच वेळी ओळींवरून बोट फिरवावे. प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक मिटून आशय स्वतःच्या शब्दांत सांगावा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून सांगणे अधिक टिकते आणि त्याला डोळ्यांचे श्रमही कमी पडतात. उजळणी एका बैठकीत उरकू नये. एक दिवस, एक आठवडा अशा अंतराने करावी.

परीक्षेतील वेळ

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लेखनिकाची सवलत मिळण्यास पात्र असलेल्या दिव्यांग परीक्षार्थींना दर तासामागे किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ देय आहे. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास. सवलती आणि त्यांच्या अटी मंडळागणिक भिन्न असतात. तपासणी आणि प्रमाणपत्र यांना वेळ लागत असल्याने पालकांनी दहावीच्या वर्षाची वाट न पाहता शाळेकडे आधीच चौकशी करणे श्रेयस्कर.

हा जादा वेळ म्हणजे मेहेरबानी आहे, असा समज काही वर्गांत आढळतो. वस्तुतः इतिहासाची किंवा विज्ञानाची परीक्षा त्या विषयाचे ज्ञान पाहण्यासाठी असते. जादा वेळ मिळाला, तरच या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो हेतू साध्य होतो.