विसरलेला अंतरा

आमच्या ग्वाल्हेरीत गवयांच्या स्मरणशक्तीच्या ज्या कथा सांगतात, त्यांत हद्दूखाँ-हस्सूखाँची कथा पहिली. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमदखाँ गात असत. त्यांची तान आपल्याला यावी अशी या दोघा भावांना फार हौस. पण खाँसाहेब आपली विद्या परक्या घरी जाऊ देणारे नव्हते. तेव्हा महाराजांच्या संमतीने या मुलांना आडोशाला बसविण्यात आले, आणि पुढे एके दिवशी भर दरबारात त्यांनी तीच गायकी गाऊन दाखविली, अशी आख्यायिका आहे. तीत इतिहास किती व अलंकार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. कथा संपली की ऐकणारे "काय ती स्मरणशक्ती!" म्हणून मान डोलावतात, आणि मला नेमके तेथेच थांबावेसे वाटते. ती मुले नुसती ऐकत बसली असती तर त्यांना काही आले नसते. घरी परतल्यावर त्यांनी ऐकलेली तान स्वतःच्या गळ्यातून काढून पाहिली असणार, चुकली असणार, आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी कान देऊन ती दुरुस्त केली असणार. आडोशाला बसलेल्याला "पुन्हा एकदा म्हणा" असे सांगता येत नाही. ही त्यांची अडचण नव्हे, मोठी सोयच झाली.

माझ्या वर्गातल्या मुलींना ती सोय नाही. तालीम सुरू झाली की पेटीवर चार फोन येऊन बसतात. आठवड्याने बंदिश विचारावी तर उत्तर मिळते, "सर, फोनमध्ये आहे." खरेच असते. फोनमध्ये असते, मुलीत नसते.

पण रागावण्याचा अधिकार मला नाही. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला देवगिरी बिलावलातली एक झपतालाची बंदिश दिली होती. आमच्या घरात गाणे दरबारापासून चालत आलेले. नानांची स्वतःची तालीम सारी तोंडी. मी मात्र बंदिश वहीत उतरवून घेतली आणि वही समोर ठेवून वर्षानुवर्षे गात राहिलो. "वही मिटून म्हण," असे ते बजावीत. मी हसून पान उलटीत असे. एका पावसाळ्यात कपाटाला ओल लागली, पाने एकमेकांस चिकटली, आणि मला कळून चुकले की अंतरा आपल्याजवळ नाही. स्थायी राहिली होती, कारण ती मी विद्यार्थ्यांना वहीशिवाय शिकवीत असे.

या साध्या गोष्टीचा शोध पाश्चात्त्यांनी मोजमाप करून घेतला आहे. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, त्या पुन्हा पाठ करावयास किती श्रम वाचतात ते मोजले, आणि 1885 साली निष्कर्ष छापले. तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले दिसत. पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावे. म्हणजे गळती पहिल्या दिवशीच मोठी. एका बैठकीत सारे घोकण्यापेक्षा तेच श्रम चार दिवसांवर वाटावेत, हेही त्याने सांगून ठेवले. पुढे 2006 साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्यांदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवले, मिटून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. पुन्हा वाचल्याने "मला येते" असा भास होतो, आणि हा भासच घात करतो. माझ्या वहीने माझा असाच घात केला.

तेव्हा ज्यांना काही लक्षात ठेवावयाचे आहे त्यांनी ते आत भरीत राहण्याऐवजी बाहेर काढून पाहावे. आज ऐकलेले रात्री अंथरुणावर, मग उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. आठवताना थोडे अडखळावयास झाले तर घाबरू नये. त्या अडखळण्यातच काम होत असते. अर्थात अखेरीस मूळ पाहून चूक सुधारून घ्यावी, नाहीतर चूकच पाठ व्हावयाची.

दुसरी गोष्ट तालाची. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली लिहिले की मनाच्या ओंजळीत एका वेळी सातच्या आसपास वस्तू मावतात. नंतरच्या संशोधकांनी ती संख्या चारवर आणली. आमच्या तबलजींना हे निराळे सांगावे लागत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा सुट्या कोणी मोजीत नाही, चार-चारांचे चार खंड धरतो. मोबाइलचे दहा आकडे लक्षात राहत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना मी झपताल सांगतो: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन, तीन, दोन, तीन. आकडे या खंडांवर बसवून हाताने टाळी-खाली देत चार वेळा म्हणावेत. घरच्या माणसांचे नंबर तरी असे पाठ असावेत. रस्त्यात फोन बंद पडला तर पत्नीचा नंबर न आठवणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. आरशातही पाहिला आहे.

नावांच्या बाबतीत आमच्या आजीचा हात धरणारे कोणी नव्हते. नवा माणूस ओसरीवर टेकला की ती विचारी, "कुठले? मूळ गाव कोणते? आजोळ कोणाकडे?" आम्हां मुलांना त्या चौकशीची लाज वाटे. आज कळते की सुटे नाव निसटते म्हणून ती त्याला गाव, नातेगोते आणि गल्ली अशा खुंट्या ठोकीत होती. तितके विचारणे हल्ली शोभत नसेल, तर निदान नाव ऐकताच एकदा उच्चारावे, निघताना पुन्हा उच्चारावे.

बाजाराच्या यादीसाठी जुन्या घरांतल्या मंडळींजवळ एक आयते साधन आहे, ते म्हणजे वाडा. पाठ करावयाच्या वस्तू ओळखीच्या इमारतीत मनाने मांडून ठेवाव्यात ही युक्ती प्राचीन ग्रीक व रोमन वक्ते वापरीत. जनकगंजातला आमचा वाडा कधीच पडला, पण डोळे मिटले की दिंडीपासून परसापर्यंत मी अडखळल्याशिवाय चालतो. दिंडीत साखरेचे पोते आडवे, चौकात हळदीचा सडा, जिन्यावरून बटाटे गडगडत येताहेत. चित्र जितके वेडगळ तितके पक्के बसते. फक्त देवघरात लसूण ठेवावा लागला की मला अजूनही चुकल्यासारखे होते.

किल्ल्या-चष्म्यांचे काय? ते बहुधा विसरलेले नसतातच; ठेवताना मन दुसरीकडे असते. "किल्ली खिडकीत ठेवली" असे मोठ्याने बोलावे, घरचे हसले तर हसू द्यावे. औषधाची गोळी रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला, चहाच्या कपाला बांधून टाकावी. मात्र नेहमीच्या रस्त्यावर माणूस वाट चुकू लागला, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारू लागला, तर युक्त्या सांगत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावे. आम्ही उशीर केला.

नानांनी आता ऐंशी ओलांडली आहे. जेवण झाले की नाही हे त्यांना सांगता येत नाही. मला ते पुष्कळदा माझ्या काकांच्या नावाने हाक मारतात. त्या अंतऱ्याविषयी मी एकदा सरळ विचारले, तर म्हणाले, "कुठला अंतरा?" आणि इतके कष्टी झाले की पुन्हा विचारावयाचे नाही असे मी ठरविले.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांच्या खोलीत तंबोरा लावून मी सहज ती स्थायी म्हणत बसलो होतो. दोन आवर्तने झाली. तिसऱ्या समेनंतर मी श्वास घेतला, आणि पलंगावरून नानांनी अंतरा उचलला. तारषड्जापर्यंत आवाज पोचला नाही, पण सारे शब्द आले, प्रत्येक जागा आली. विचारून जे दार उघडले नव्हते ते स्थायीने उघडले. फोन बाहेरच्या खोलीत होता. आणावयास उठलो नाही. तंबोरा थांबला असता तर ते थांबले असते.

रात्री गच्चीवर जाऊन मी तो म्हणून पाहिला. पहिली ओळ आली, दुसरी निम्मी. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा स्थायी धरली, त्यांनी पुन्हा अंतरा घेतला. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी स्थायी संपवून अंतरा मीच घेतला, आणि दुसऱ्या ओळीत घसरलो. नानांनी गुडघ्यावर थाप मारून मला थांबविले.

"वही मिटून म्हण," ते म्हणाले.

माझ्यासमोर वही नव्हती. मी मान हलविली आणि पुन्हा समेपासून सुरुवात केली.