नऊ नंबर की चौदा नंबर?

निवड चाचणीला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला, ‘तू नेमका कुठे खेळतोस?’ शहरातल्या मुलाकडे उत्तर तयार असतं. तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसासारख्या गावातून आलेल्या मुलाची मात्र इथे पंचाईत होते. गावात खेळणारी पोरं मोजकी. कबड्डीत जो चढाई करतो, त्यालाच परत येऊन कोपराही सांभाळावा लागतो. क्रिकेटमध्ये ओपनिंगला जाणाराच यष्टींमागे उभा राहतो. ‘मी कुठेही खेळतो’ असं तो खरंखरं सांगून टाकतो आणि समोरच्याला वाटतं, म्हणजे याला कुठलंच धड येत नाही.

तुमच्यावरही अशी वेळ आली असेल, तर राहुल बोसची रग्बीतली कारकीर्द माहीत करून घ्या. हो, ‘चमेली’ आणि ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’मधला तोच राहुल बोस. भारताचा रग्बी संघ १९९८ मध्ये पहिल्यांदा आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उतरला, त्या संघात हा मुंबईकर होता. जन्म १९६७ चा, म्हणजे तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. पुढच्या मोसमात खेळणार नाही, हे त्याने जाहीर केलं २००९ मध्ये. आणि भारतासाठी तो दोन जागांवर खेळला, स्क्रम-हाफ आणि उजवा विंगर.

या दोन जागा किती वेगळ्या, ते बघा. पंधरा जणांच्या रग्बीत १ ते ८ नंबरचे धिप्पाड फॉरवर्ड चेंडूसाठी रेटारेटी करतात. ९ ते १५ नंबरचे बॅक तो चेंडू घेऊन पळतात. स्क्रम-हाफ म्हणजे नऊ नंबर. गर्दीतून चेंडू काढायचा आणि क्षणात ठरवायचं, कुणाकडे द्यायचा. हाताने पास पुढे देता येत नाही, म्हणून मागे कोण कुठे आहे हे त्याला न बघता माहीत असावं लागतं. तो सतत बोलत असतो, जवळजवळ प्रत्येक डावपेच त्याच्या हातून जातो. उजवा विंगर म्हणजे चौदा नंबर. तो पार रेषेजवळ एकटा. कधी कधी बराच वेळ चेंडू येतच नाही. आला की मात्र जीव तोडून पळायचं. एकाला डोकं शांत ठेवून गडबडीत राहायचं, दुसऱ्याला धीर धरून वाट बघायची. दोन्ही जमायला दोन खेळ शिकल्याएवढी मेहनत पडते.

रग्बी लीग या तेरा जणांच्या प्रकारात तर अशा खेळाडूला ‘युटिलिटी बॅक’ म्हणतात आणि बाकावर तो हमखास हवा असतो. ऑस्ट्रेलियाचा डॅरेन लॉकियर क्वीन्सलँडमधल्या रोमा या छोट्या गावात घडला. आधी तो सगळ्यात मागचा फुलबॅक होता. २००४ मध्ये क्लबसाठी त्याने जागा बदलली आणि तो पुढे, फाइव्ह-एट्थला आला. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बूट त्याला फुलबॅक म्हणून २००३ मध्ये मिळाला आणि नव्या जागेवर २००६ मध्ये पुन्हा. देशासाठी तो ५९ कसोटी सामने खेळला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आलं रग्बी? पण ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून जो प्रकार आहे, त्यात एका बाजूला सातच जण लागतात, कबड्डीएवढे. सात मिनिटांचे दोन डाव, मैदान मात्र पूर्ण आकाराचं. एवढ्या मोकळ्या जागेत सातही जणांना पळावं, पकडावं, पास द्यावा लागतो. पकडीची सवय असलेल्या कबड्डीपटूला हे परकं वाटणार नाही. राहुल पुढे रग्बी इंडियाचा अध्यक्ष झाला, आणि जून २०२५ मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सात जणांचीच. मुलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. २०१९ मध्ये मनिलात भारताच्या महिलांनी सिंगापूरला २१-१९ ने हरवून पंधरा जणांच्या प्रकारातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा.

मग निवड चाचणीत काय सांगायचं? ‘कुठेही’ हा शब्द टाळा. दोन जागांची नावं घ्या आणि प्रत्येक जागेवर काय काम करता, ते एका वाक्यात सांगा. ‘डावा कोपरा सांभाळतो, आणि गरज पडली तर चढाईला जातो.’ हे सांगता येत नसेल, तर दुसऱ्या जागेची तयारी अजून कच्ची आहे असं समजा. पुढच्या रविवारी गावच्या मैदानावर मुद्दाम तिथेच उभे राहा. तिथे माणसं कमीच असतात, जागा लगेच मिळेल.