गोळी मिळाली, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?

वस्तीत कुणाला फिट आली की अजूनही एक जण चप्पल शोधायला धावतो, दुसरा कांदा फोडतो आणि तिसरा हळूच भगताचे नाव काढतो. या प्रकारावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगितले, की फेफरे हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे. त्याचे फळही मिळाले. दोरे-गंडे तोडून माणसे दवाखान्यात जाऊ लागली, गोळ्या घेऊ लागली. आज आम्हाला लिहायचे आहे ते त्या गोळ्यांविषयी. भगताला प्रश्न विचारायला आम्ही शिकलो, पण डॉक्टरला प्रश्न विचारताना आमची जीभ अजून अडखळते.

आपल्या देशात फेफऱ्याचे एक कोटीहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की नीट उपचार झाले तर शंभरातील सत्तर रुग्णांच्या फिट थांबू शकतात. म्हणून पहिली गोष्ट पहिल्यांदाच सांगतो. हा लेख वाचून कुणीही आपली गोळी बंद करू नये. ही औषधे एकाएकी सोडली तर एकामागून एक फिट येत राहतात आणि त्यात जीव जातो. गोळी घ्यायचीच आहे. मात्र ती काय करते हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

आमच्या ओळखीचा एक बिगारी कामगार आहे. अनेक वर्षे फेनिटॉइन घेतो. लोक याच औषधाला ‘एप्टॉइन’ या कंपनीच्या नावाने ओळखतात. एकदा गावी लग्नाला गेला, गोळ्या घरी राहिल्या, दोन दिवस खाडा झाला आणि तिसऱ्या दिवशी फिट आली. डॉक्टरने खाड्याविषयी विचारले नाही, यानेही सांगितले नाही. दिवसाच्या तीनच्या चार गोळ्या झाल्या. पंधरा-वीस दिवसांत त्याचा तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले, समोरचे दोन-दोन दिसू लागले. मुकादमाने त्याला दारू पिऊन आला म्हणून कामावरून हाकलले. बायकोनेही तेच मानले. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही त्याने ती बदनामी महिनाभर सोसली. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरने रक्तातील औषधाचे प्रमाण तपासायला लावले, तेव्हा ते मर्यादेच्या कितीतरी वर निघाले.

यात नवलाचे काही नाही. फेनिटॉइनचा स्वभावच तसा आहे. रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये 10 ते 20 मायक्रोग्रॅम एवढीच त्याची सुरक्षित पट्टी. त्याखाली गेले तर फिट, वर गेले तर विषबाधा. शिवाय यकृताची ते पचवण्याची ताकद एका हद्दीपर्यंतच असते. ती हद्द ओलांडली, की गोळी एकाने वाढते आणि रक्तातले प्रमाण भलतेच उसळते. तीनाच्या चार करणे म्हणजे भाकरीत चतकोर वाढवणे नव्हे. हिरड्या सुजून दातांवर चढणे आणि वर्षानुवर्षांच्या वापराने हाडे ठिसूळ होणे, हेही याच औषधाचे देणे आहे. या औषधासाठी रक्ततपासणी हा चैनीचा भाग मानता येत नाही. पण ती तालुक्याला सहसा होत नाही आणि शहरात तिला त्या कामगाराची दोन दिवसांची मजुरीही पुरली नाही.

1968 साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात एक प्रकार घडला. फेनिटॉइन घेणारे रुग्ण अचानक झोकांड्या खाऊ लागले. मात्रा तीच, औषध तेच. शोध घेतल्यावर कळले, की कॅप्सूल भरताना जो निरुपद्रवी भुसा घालतात तो कारखानदाराने बदलला होता. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले. त्यामुळे औषध रक्तात अधिक उतरू लागले आणि तीच मात्रा विषारी ठरली. आमच्या सरकारी दवाखान्यात या महिन्यात एका कंपनीची गोळी मिळते, पुढच्या महिन्यात साठा संपतो, मग दुसऱ्याच कंपनीची येते किंवा बाहेरून आणा म्हणतात. आम्ही स्वस्त जेनेरिक औषधांच्या विरोधात नाही, उलट तीच गरिबाला परवडतात. पण फिटच्या गोळीचा कारखाना बदलला तर पुढचे काही आठवडे त्या रुग्णावर कुणाची तरी नजर हवी. ती कुणाची असते, हे आम्हाला आजवर एकाही औषध खिडकीवर सांगता आलेले नाही.

क्षयाचा रुग्णही याच वस्त्यांत अधिक. क्षयावरील आयसोनियाझिड रक्तातले फेनिटॉइन वाढवते, तर रिफॅम्पिसिन ते कमी करते. एकाच माणसाला दोन्ही आजार असले तर दोन खिडक्यांवर दोन केसपेपर निघतात आणि ते केसपेपर एकमेकांना ओळखत नाहीत.

बाईच्या वाट्याला यापेक्षा वाईट येते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या औषधांमुळे ‘माला-एन’सारख्या कुटुंबनियोजनाच्या गोळीचा परिणाम कमी होतो. रोज नेमाने गोळी घेऊनही दिवस राहतात आणि घरचे तिलाच विसरभोळी ठरवतात. तिला हे आधी कुणी सांगितलेले नसते.

सर्वांत गंभीर गोष्ट सोडियम व्हॅल्प्रोएटची. हे औषध 1967 साली फ्रान्समध्ये बाजारात आले. गुणकारी आहे, यात शंका नाही. फिटवर देतात, मनाच्या आजारावर देतात, अर्धशिशीवरही देतात. पण गरोदरपणी ते घेतले तर शंभरातील सुमारे दहा मुले जन्मतः व्यंग घेऊन येतात, एरवी हे प्रमाण दोन-तीन असते. पाठीचा कणा उघडा राहणे, टाळू फाटणे, हृदयातील दोष. दिसायला धडधाकट जन्मलेल्या मुलांतही शंभरात तीस ते चाळीस जणांची वाढ मागे पडते. उशिरा बोलणे, उशिरा चालणे, बुद्धीची वाढ कमी होणे, स्वमग्नता. कण्याच्या व्यंगाचा इशारा फ्रान्समधील ल्योन शहरातून 1982 सालीच आला होता. तरी मरीन मार्टिन या आईला 2011 साली पीडित मातांची संघटना काढावी लागली, तेव्हा कुठे सरकार जागे झाले. 2017 साली तिथल्याच सरकारी यंत्रणेने कबूल केले, की 1967 ते 2016 या काळात 2,150 ते 4,100 मुले या औषधामुळे मोठे व्यंग घेऊन जन्मली. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने 2020 साली अहवाल दिला. त्याचे सार एवढेच, की बायका वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि व्यवस्था ऐकत नव्हती. आज तिथे गर्भनिरोधनाची खात्री केल्याशिवाय दिवस राहू शकणाऱ्या स्त्रीला हे औषध देत नाहीत आणि जानेवारी 2024 पासून 55 वर्षांखालील कुणालाही ते नव्याने सुरू करायचे तर दोन तज्ज्ञांची संमती लागते.

ब्रिटनच्या बाईने विचारले तरी एवढी वर्षे गेली. आमच्या मुलीला तर आजार सांगायचीच सोय नाही. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्या कायद्यात 1976 साली वारंवार येणारी फेफरी हा विवाहाला अडसर म्हणून घातला गेला आणि तो 1999 साली काढला गेला. कायद्यातून निघाला, बैठकीतून निघाला नाही. मुलीची फिट लपवून लग्न लावतात. गोळ्यांची पट्टी ती कपड्यांच्या घडीत, धान्याच्या डब्यात ठेवते. केसपेपर माहेरी राहतो. दिवस राहिले की तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर घाबरून गोळी एकदम सोडायची आणि चुलीपाशी फिट येऊन भाजायचे, नाहीतर मुकाट्याने तीच गोळी चालू ठेवायची. तिसरी वाटही आहे. दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरशी बोलून, शक्य असेल तर, औषध हळूहळू बदलून घ्यायचे आणि फॉलिक ॲसिड सुरू करायचे. त्यासाठी आधी घरात तोंड उघडता आले पाहिजे. आशा कार्यकर्तीने नवविवाहितेला एकांतात एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होईल.

कार्बामाझेपिनचे थोडक्यात सांगतो. काही लोकांत या गोळीने पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप येतो, तोंडात फोड येतात, डोळे लाल होतात आणि कातडी भाजल्यासारखी सुटते. तैवानमधील संशोधकांनी 2004 साली दाखवले, की ज्यांच्या रक्तात एक विशिष्ट जनुक आहे त्यांना हा धोका फार मोठा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 साली आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी जनुक चाचणी करण्याचा इशारा दिला. त्यात भारतीयांमध्ये हे जनुक शंभरात दोन ते चार जणांत आढळते, असेही नमूद आहे. आमच्याकडे अंगावर पुरळ आले की गोवर समजून कडुलिंबाचा पाला अंथरतात. नवी गोळी सुरू असताना पुरळ आले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे आणि पुढची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे सारे मोजायला सरकारी यंत्रणा नाही असे नाही. 2010 साली भारतात औषध दक्षता कार्यक्रम नव्याने सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे आणि देशभरच्या शेकडो वैद्यकीय महाविद्यालयांत व रुग्णालयांत त्याची उपकेंद्रे आहेत. तिथली माहिती स्वीडनमधील उप्साला येथील जागतिक केंद्रात जाते. दुष्परिणामाची नोंद डॉक्टरच करू शकतो असे नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतो. 1800-180-3024 हा फुकट फोन आहे. तो कामकाजाच्या दिवशी कार्यालयीन वेळेतच चालतो. म्हणजे ज्या वेळेत आमचा माणूस रोजगारावर असतो, नेमक्या त्याच वेळेत. त्या बिगारी कामगाराची झोकांडी अशाच कुठल्या नोंदीत गेली का, हे आम्ही त्याला विचारले. असा काही फॉर्म असतो, हे त्याला आमच्याकडूनच कळले.

ज्या वस्तीची नोंद नाही तिच्या हिशेबात औषध निर्धोक ठरते. म्हणून आरोग्य शिबिरे घेणाऱ्या मंडळांना आमची सूचना आहे. पुढच्या शिबिरात रक्तदाब मोजण्याच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडा. फिटच्या प्रत्येक रुग्णाला दहा रुपयांची वही द्या. फिटची तारीख, गोळीचे आणि कंपनीचे नाव, पट्टीवरचा बॅच नंबर, खाडे आणि सोबत चालू असलेली दुसरी औषधे, एवढे त्यात लिहायला शिकवा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या घरातील शाळकरी पोर लिहील. दुष्परिणामाचे फॉर्म झेरॉक्स काढून ठेवा आणि भरलेले फॉर्म जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्वतः नेऊन पोच घ्या. आमच्या बिगारी मित्राने त्याची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्याच्या सहावीतल्या मुलीने लिहिले आहे : पप्पांची गोळी, रोज तीन, चार नाही.