भिंतीवर उतरलेला दूरदेश

पुण्याहून मुंबईकडे निघून पिंपरी, चिंचवड, आकुर्डी मागे टाकीत निगडीस पोहोचावे, तो लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा दृष्टीस पडतो. वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईस आलेल्या आणि शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडलेल्या या माणसाने वाचनाची अक्षरे गिरवली ती दुकानांच्या पाट्यांवरून व भिंतींवरच्या भित्तिपत्रकांवरून, असे सांगतात. पुढे त्यानेच स्टालिनग्राडचा पोवाडा रचून तो दूरचा वेढा चाळीच्या अंगणात आणून उभा केला. ज्या भिंतीने त्याला अक्षर दिले तिनेच त्याला जगही दाखविले, असे मला मनापासून वाटते.

ती भिंत बोलकी करणाऱ्यांत चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य अग्रणी होत. बंगालच्या दुष्काळाची त्यांची चित्रे १९४३ साली ‘हंग्री बंगाल’ या पुस्तिकेत निघाली आणि ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. पुढे मुंबईस बिऱ्हाड करून, अखेरपर्यंत द्रव्याची ददात सोसून, ते अंधेरीत राहिले. इप्टा या लोकनाट्य संघाचे नगारा वाजविणाऱ्याचे बोधचिन्ह त्यांचेच. १९५० नंतर विश्वशांतीच्या चळवळीसाठी त्यांनी लिनोवर चित्रे कोरली. लिनो म्हणजे लिनोलियमचा तक्ता, स्वस्त आणि मऊ. जे कोरून काढावे ते कागदावर पांढरे राहते, जे उरते त्यास शाई लागते, आणि अक्षरे उलटी कोरावी लागतात. छापखान्याचे यंत्र नसले तरी चमच्याच्या पाठीने कागद घासून ठसा उमटविता येतो; म्हणून दरिद्री चळवळींस हे माध्यम मानवले. त्यातील जाड काळी रेषा निरक्षरासही दुरून कळते, आणि शेताच्या बांधावरची माता आणि परक्या मुलखातील माता यांत भेद उरत नाही.

हाच विचार क्यूबातील हवानात संस्थेच्या रूपाने उभा राहिला. जानेवारी १९६६ मध्ये तेथे भरलेल्या आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या तीन खंडांच्या परिषदेतून ‘ओस्पाआल’ ही संघटना जन्मली. तिची भित्तिपत्रके घड्या घालून ‘त्रिकोन्तिनेन्ताल’ या नियतकालिकात घातली जात आणि टपालाने देशोदेशी पोहोचत. मजकूर स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच व अरबी अशा चार भाषांत, तोही तोकडा. भार सारा चित्रावर. व्हिएतनाम, अंगोला, पॅलेस्टाइन यांची दुःखे तेथे भडक, सपाट रंगांत मांडली गेली. मात्र समाजवादी गोटातल्याच रणगाड्यांनी १९५६ मध्ये बुडापेस्ट आणि १९६८ मध्ये प्राग चिरडले, तेव्हा त्या गोटाच्या सरकारी भित्तिपत्रकांस वाचा फुटली नाही. त्या कलेवर माझे प्रेम आहे, म्हणूनच हे मौन मला अधिक सलते.

इकडे पिंपरीस दूरदेशाचा हात हवानाच्या भित्तिपत्रकांआधीच, कागदावाचून, लागला होता: १९५४ साली येथे स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीन कारखाना युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभा राहिला. आज जवळच्याच चाकणच्या चौकांत फ्लेक्सचे फलक दाटीने उभे असतात, आणि त्यांवर बहुधा वाढदिवसाचे चेहरे असतात. १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीनिमित्त निगडीच्या पुतळ्यापाशी माणसांची रीघ लागते. तिथल्या एखाद्या भिंतीवर एका रात्रीपुरता तरी लिनोचा तो काळा ठसा उमटावा, असे फार वाटते.